कै. विजय सॅम्युएल हजारे : पराभवातही न खचलेला गडी

चिता निर्जीवाला जाळते आणि चिंता सजीवाला, ही म्हण आपल्या खेड्यापाड्यांतील लहानथोरांस ठाऊक आहे. पाऊस लांबला म्हणजे शेतकऱ्यास, मुलगी उपवर झाली म्हणजे आईबापांस, आणि परीक्षेचा निकाल लागावयाचा असला म्हणजे विद्यार्थ्यास चिंता ग्रासून टाकते. ख्रिस्ती झाल्याने मनुष्य ह्या अनुभवातून सुटतो असे नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाचीही झोप उडते, छाती धडधडते, घास गोड लागत नाही. कित्येकदा तर ही चिंता आपल्या अविश्वासाचीच खूण आहे असे मानून तो आणखी एक ओझे आपल्या शिरावर घेतो. अशा बंधुभगिनींसाठी आज आम्ही एका पुरुषाचे चरित्र सादर करीत आहो. ते पाळक नव्हते, उपदेशकही नव्हते. ते क्रिकेट खेळणारे होते. तथापि अनिश्चिततेत मनुष्याने कसे उभे राहावे, हे त्यांच्या आयुष्यावरून जितके स्पष्ट दिसते तितके पुष्कळ व्याख्यानांवरूनही दिसत नाही.

हे चरित्र आजच का, असे वाचक विचारतील. मुंबईच्या उत्तरेस, वसईच्या खाडीच्या अलीकडे, मीरा-भाईंदर हे शहर आहे. एके काळी मिठागरे, भातशेती आणि कोळीवाडे ह्यांचा तो मुलूख होता. २००२ साली तेथे महानगरपालिका झाली, आणि आज दूरदूरच्या जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबे तेथील चाळींतून व इमारतींतून दाटीने राहतात. २०२० साली मीरा-भाईंदर व वसई-विरार ह्यांकरिता स्वतंत्र पोलीस आयुक्तालय स्थापन झाले. पोलीस शिपायांची भरती निघाली म्हणजे तरुण मुले-मुली उजाडण्यापूर्वीच धावण्याचा सराव करू लागतात. मुलांस सोळाशे मीटर व मुलींस आठशे मीटर धावावे लागते. शिवाय शंभर मीटरांची धाव आणि गोळाफेक असते, आणि मग लेखी परीक्षा. जागा थोड्या आणि उमेदवार फार. भरती केव्हा निघेल ह्याचा नेम नाही, निघाली तरी आपण निवडले जाऊ ह्याची खात्री नाही, आणि वय तर वाढतच जाते. हीच स्थिती आपल्या खेड्यांतील मंडळ्यांतल्या तरुणांचीही आहे. ते उपदेशकास विचारतात की, आम्ही प्रार्थना करावी की धावावे? आणि दोन्ही करूनही यश न आले तर काय समजावे? ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही हजारे ह्यांच्या आयुष्यातून देऊ पाहतो.

विजय सॅम्युएल हजारे ह्यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे एका मराठी प्रॉटेस्टंट कुटुंबात झाला. त्यांचे वडील शाळेत शिक्षक होते, आणि घरात आठ मुले होती. सांगली, मिरज आणि कोल्हापूर ह्या भागांत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने शाळा व दवाखाने चालविले, मिरजेस डॉ. विल्यम वॉनलेस ह्यांनी उभारलेले रुग्णालय महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. अशा मुलखातील ख्रिस्ती मास्तराचे घर कसे असते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. पगार बेताचा, तोंडे पुष्कळ, आणि मान मिळतो तो केवळ विद्येचा व सचोटीचा. अशा घरातल्या मुलाने क्रिकेटसारख्या राजेरजवाड्यांच्या खेळात नाव काढावे, हे त्या काळी सोपे नव्हते.

तरुणपणी त्यांना एक मोठा गुरू लाभला. ऑस्ट्रेलियाचा प्रसिद्ध फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट हा हिंदुस्थानात शिकविण्यास आला होता, त्याच्या हाताखाली हजारे ह्यांनी धडे घेतले. फळी हाती घेऊन उभे राहण्याची त्यांची ढब चारचौघांपेक्षा वेगळी होती. फळी ते दोन्ही पायांच्या मध्ये धरून उभे राहत. पुस्तकी नियमाप्रमाणे पाहणाऱ्यास ती चुकीची वाटे. परंतु शहाण्या गुरूने ती मोडून टाकली नाही. देवाने ज्याला जसे घडविले आहे, त्यातूनच त्याला तयार करावे, हे जाणणारा तो गुरू होता. रविवारच्या शाळेत शिकविणाऱ्या आमच्या बंधुभगिनींनी हे मनात ठेवण्यासारखे आहे.

१९३९-४० च्या हंगामात पुणे येथे महाराष्ट्राच्या संघाकडून बडोद्याविरुद्ध खेळताना त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. तीनशेचा टप्पा ओलांडणारे ते पहिले भारतीय फलंदाज होत. चोवीस-पंचवीस वर्षांचे वय, अंगात बळ, हाती कौशल्य आणि देशभर नाव झालेले. आता परदेशच्या संघांशी कसोटी सामने खेळावयाचे तेवढे राहिले होते. परंतु दुसरे महायुद्ध सुरू झालेले होते. १९३६ सालानंतर थेट १९४६ सालापर्यंत हिंदुस्थानचा एकही कसोटी सामना झाला नाही. खेळाडूच्या आयुष्यातील उत्तम वर्षे ती हीच. सामने पुन्हा केव्हा सुरू होतील, तोवर आपला हात व डोळा टिकेल की नाही, हे कोणासही सांगता येत नव्हते. १९४६ साली लॉर्ड्सच्या मैदानावर हजारे पहिला कसोटी सामना खेळले, तेव्हा त्यांचे वय ३१ वर्षांचे होते. आजकाल ह्या वयात पुष्कळ खेळाडूंची निवृत्तीची भाषा सुरू होते.

वाचकहो, त्या दीर्घ प्रतीक्षेत त्यांनी काय केले, हे लक्षात घ्या. ते खेळत राहिले. बडोदे संस्थानच्या पदरी त्यांना आश्रय मिळाला, आणि देशातल्या देशात जे सामने होत, त्यांत ते वर्षानुवर्षे उभे राहिले. हाती आलेले काम आज नीट करावे, आणि उद्याचे दार उघडणे ज्याच्या हाती आहे त्याच्यावर सोपवावे, ह्यापलीकडे वाट पाहणाऱ्या मनुष्यास दुसरा मार्ग नाही. भरतीची वाट पाहणाऱ्या आमच्या तरुणांनी त्यांची ही वर्षे आठवावी.

ह्याच काळात मुंबईस पंचरंगी सामने होत असत. त्यांत हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन ह्यांचे चार संघ असत, आणि १९३७ सालापासून त्यांत पाचव्या संघाची भर पडली. त्या पाचव्या संघाला बाकीचे एवढेच नाव होते. हिंदी ख्रिस्ती, यहुदी आणि ज्यांची संख्या अल्प म्हणून स्वतंत्र संघ होणे शक्य नव्हते असे सर्व लोक त्यात मोडत. हजारे त्या संघातून खेळत. धर्मवार संघ करून खेळणे हे देशाच्या ऐक्यास पोषक नव्हे, असे मत महात्मा गांधी ह्यांनी दिले होते, आणि १९४५-४६ च्या हंगामानंतर ती स्पर्धा बंद झाली, हे योग्यच झाले. परंतु गावात एक-दोनच घरे ख्रिस्ती असलेल्या आमच्या वाचकास बाकीचे ह्या शब्दाची चव चांगली ठाऊक आहे. गावाच्या यादीत सर्वांची नावे लिहून झाल्यावर शेवटी ज्यांना एका ओळीत बसवितात, ते आपण.

१९४३ सालच्या डिसेंबर महिन्यात मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावर ह्या स्पर्धेचा अंतिम सामना हिंदूंचा संघ आणि बाकीच्यांचा संघ ह्यांमध्ये झाला. हिंदूंच्या संघाने पाच गडी बाद ५८१ धावांवर डाव सोडून दिला. त्यांत विजय मर्चंट ह्यांच्या नाबाद २५० धावा होत्या. उत्तरादाखल बाकीच्यांचा सर्व संघ १३३ धावांत बाद झाला, आणि त्यांना लागलीच दुसऱ्यांदा खेळावयास उतरावे लागले. जे क्रिकेट जाणत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, की अशा स्थितीतून सामना जिंकणे जवळजवळ अशक्य असते. मैदानावरील प्रत्येक मनुष्य शेवट काय होणार हे जाणून होता.

अशा वेळी हजारे ह्यांनी ३०९ धावा केल्या. संपूर्ण संघाच्या धावा झाल्या ३८७; म्हणजे बाकी सर्वांच्या मिळून अवघ्या ७८. एका बाजूस गडी पडत होते, दुसऱ्या बाजूस हा एक मनुष्य उभा होता. त्या डावात त्यांना एकच खरा सोबती मिळाला, तो त्यांचा सख्खा भाऊ विवेक हजारे. दोघांनी मिळून ३०० धावांची भागी केली. ह्या तीनशेत विवेक ह्यांच्या स्वतःच्या धावा केवळ २१ होत्या. लोक तीनशे नऊ धावांची आठवण ठेवितात, आणि एकवीस धावांची विसरतात. आम्हांस मात्र वाटते, की त्या एकवीस धावा झाल्या नसत्या, तर तीनशे नऊ झाल्याच नसत्या. संकटात सापडलेल्या बंधूजवळ नुसते उभे राहणे, स्वतःचे नाव न होता त्याचे बळ टिकवून धरणे, ही सेवा देवाच्या वहीत लहान नाही. आपल्या मंडळीत जो कोणी चिंतेने खचला असेल, त्याला उपदेशाआधी असा विवेक हवा असतो.

तो सामना बाकीच्यांचा संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला. हे आम्ही मुद्दाम सांगतो. पुष्कळ धार्मिक गोष्टींत असे असते, की नायकाने प्रार्थना केली व तो जिंकला. अशा गोष्टी ऐकून तरुण मनाची एक चुकीची समजूत होते. देवावर भाव ठेविला म्हणजे निकाल आपल्या बाजूने लागलाच पाहिजे, असे त्यास वाटते. मग निकाल विरुद्ध लागला म्हणजे आपला विश्वास तरी खोटा किंवा देव तरी निष्ठुर, ह्या दोहोंवाचून त्याला तिसरे सुचत नाही. हजारे ह्यांचा तो डाव तिसरी गोष्ट दाखवितो. निकाल आपल्या हाती नसतानाही, किंबहुना निकाल विरुद्ध जाणार हे दिसत असतानाही, समोर आलेला एक चेंडू नीट खेळणे आपल्या हाती असते. तीनशे नऊ धावा कोणी एकदम करीत नाही. त्या एकेका चेंडूने होतात. मागचा चेंडू गेला, पुढचा अजून गोलंदाजाच्या हातातून सुटलेला नाही, आणि आत्ता जो येत आहे तेवढाच आपला.

इस्राएल लोक अरण्यात असताना देवाने त्यांना मान्ना दिला, ती गोष्ट आपल्या मुलांस तोंडपाठ आहे. रोज सकाळी त्या दिवसापुरता मान्ना गोळा करावयाचा; दुसऱ्या दिवसासाठी साठवून ठेविला तर त्यात किडे पडत. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घ्यावयाचा. चिंता म्हणजे उद्याचा मान्ना आज वेचण्याचा खटाटोप होय. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेतही आपण आजच्याच भाकरीची मागणी करितो, हे ध्यानी आणावे. जो हात रोज सरावाने तयार झाला आहे आणि जे मन रोज प्रार्थनेने शांत झाले आहे, त्या दोघांस आजच्यापुरते जगणे साधते. आणि ही सवय संकटाच्या दिवशी अचानक लागत नाही; ती आधीच्या पुष्कळ साध्या दिवसांत लावून घ्यावी लागते.

हजारे ह्यांच्या वाट्यास नेहमी पराभवच आला, असे मात्र वाचकांनी समजू नये. १९४७ सालच्या मार्च महिन्यात रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बडोद्याचा संघ होळकरांच्या संघाशी खेळला. तेव्हा हजारे आणि गुल महंमद ह्यांनी चौथ्या जोडीसाठी ५७७ धावांची भागी केली. हजारे ह्यांच्या २८८ आणि गुल महंमद ह्यांच्या ३१९ धावा झाल्या. कोणत्याही जोडीची एवढी मोठी भागी जगात तोवर झाली नव्हती, आणि तो विक्रम २००६ सालापर्यंत टिकला. ते वर्ष फाळणीचे होते. हिंदू-मुसलमानांत वैमनस्य पेटलेले असताना एक ख्रिस्ती आणि एक मुसलमान मराठी राजाच्या संस्थानासाठी खांद्याला खांदा लावून खेळत होते, हे चित्र आमच्या मनास मोठे समाधान देते.

पुढील वर्षी, म्हणजे १९४८ च्या जानेवारीत, ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरी त्यांची खरी परीक्षा झाली. डॉन ब्रॅडमन ह्यांच्या ऑस्ट्रेलियन संघाने ६७४ धावा केल्या. ब्रॅडमन ह्यांनी २०१ धावा केल्यावर त्यांचा त्रिफळा उडविला तो हजारे ह्यांनीच. मग फलंदाजीस उतरून हजारे ह्यांनी ११६ धावा केल्या, आणि कोल्हापूरचे दत्तू फडकर ह्यांनी १२३. तरीही भारताचा डाव ३८१ धावांत आटोपला व संघास पुन्हा खेळावयास उतरावे लागले. दुसऱ्या डावात एकही धाव झाली नसताना दोन गडी बाद झाले. रे लिंडवॉल हा वेगवान गोलंदाज त्या दिवशी भयंकर गोलंदाजी करीत होता. अवघ्या ३८ धावा देऊन त्याने सात गडी बाद केले. भारताच्या सहा गड्यांस एकही धाव करता आली नाही. अशा पडझडीत हजारे ह्यांनी १४५ धावा केल्या. एकाच कसोटी सामन्याच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय ठरले.

हाही सामना भारत एक डाव आणि १६ धावांनी हरला. ज्या दोन पराक्रमांसाठी हजारे ह्यांचे नाव सर्वाधिक घेतले जाते, ते दोन्ही हरलेल्या सामन्यांतील आहेत. जगाच्या हिशेबात हे विचित्र आहे. परंतु ज्याच्या तारणाऱ्याचा सर्वांत मोठा विजय वधस्तंभावर, सर्व जगास पराभव दिसत असताना झाला, त्या ख्रिस्ती मनुष्यास ह्यात नवल वाटू नये. हजारे ह्यांच्या अंतःकरणातील प्रार्थना देवच जाणतो. त्यांच्या तोंडी आम्ही एकही शब्द घालीत नाही. ते अबोल व संकोची स्वभावाचे होते, आणि त्यांची साक्ष त्यांच्या धीरात होती. पेरलेल्या बीजाचा भाग फळावरून ओळखावा, हे आपणांस शिकविले आहे.

आता चरित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण एकांगी चरित्राने कोणाचे कल्याण होत नाही. १९५१ साली हजारे भारताचे कर्णधार झाले. कसोटी संघाचे कर्णधारपद मिळालेले ते पहिले भारतीय ख्रिस्ती होत. १० फेब्रुवारी १९५२ रोजी मद्रास येथे त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने इंग्लंडचा एक डाव आणि ८ धावांनी पराभव केला. १९३२ साली कसोटी सामने खेळू लागल्यापासून भारताचा हा पहिलाच विजय. त्यात विनू मंकड ह्यांनी बारा गडी बाद केले, आणि पंकज रॉय व पॉली उम्रीगर ह्यांनी शतके ठोकली. वीस वर्षे ज्याची वाट पाहिली तो दिवस सांगलीच्या मास्तराच्या मुलाच्या हातून उगवला.

परंतु त्याच वर्षी जून महिन्यात इंग्लंडमधील लीड्स येथे भारताच्या दुसऱ्या डावात एकही धाव झाली नसताना चार गडी बाद झाले. अशी दुर्दशा कसोटी सामन्यांत कोणी पाहिली नव्हती. हजारे खेळावयास आले, आणि फडकर ह्यांच्यासह शंभराहून अधिक धावांची भागी करून त्यांनी संघाची लाज काही अंशी राखिली. हजारे ह्यांच्या ५६ व फडकर ह्यांच्या ६४ धावा झाल्या. त्या दौऱ्यात चार कसोटी सामन्यांपैकी तीन भारताने गमावले. एकंदर चौदा सामन्यांत हजारे ह्यांनी नेतृत्व केले. त्यांत एक जिंकला, पाच हरले आणि आठ अनिर्णीत राहिले. त्यांच्या बरोबरीचे मोठे खेळाडू विजय मर्चंट ह्यांचे मत असे होते, की कर्णधारपदाच्या भारानेच हजारे ह्यांची फलंदाजी मोठ्यात मोठ्या उंचीस पोहोचू शकली नाही. ह्या शांत मनुष्यास स्वतःचा चेंडू खेळता येई. परंतु अकरा जणांचा भार एकट्याने वाहणे, हे निराळे काम होते.

ह्यावरून कोणी त्यांना दोष देऊ नये. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करीत बसे, तेव्हा त्याचा सासरा इथ्रो ह्याने त्याला सांगितले की, अशाने तूही झिजशील आणि लोकही. तेव्हा विश्वासू माणसे निवड व भार वाटून दे. मोशेसारख्या देवाच्या सेवकासही जे जड झाले, ते आपल्यास जड झाले तर त्यात अविश्वास कसला? खेड्यातील उपदेशक उपासना चालवितो, शाळा पाहतो, आजाऱ्यास भेटतो, भांडणे मिटवितो आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर साऱ्यांची चिंता एकटाच करितो. अशा उपदेशकांनी हजारे ह्यांच्या कर्णधारपदाचा धडा विसरू नये. सराव आणि प्रार्थना ही मनुष्यास बळ देतात, परंतु दहा जणांचे ओझे एकाने वाहावे म्हणून ती दिलेली नाहीत.

हजारे १९५३ साली शेवटचा कसोटी सामना खेळले. एकंदर ३० कसोटी सामन्यांत त्यांनी २१९२ धावा केल्या व सात शतके झळकाविली. १९६० साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री ही पदवी दिली. हा मान प्रथम मिळालेल्या दोन क्रिकेट खेळाडूंपैकी ते एक होत, दुसरे जसू पटेल. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोदे येथे वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. भारतातील राज्यांच्या संघांमध्ये एकदिवसीय सामन्यांची जी राष्ट्रीय स्पर्धा होते, तिला विजय हजारे करंडक असे नाव आहे. बाकीच्यांच्या संघात खेळणाऱ्या मनुष्याचे नाव आता सर्व देश घेतो.

आता आमच्या तरुणांच्या प्रश्नाकडे वळू. प्रार्थना करावी की धावावे? आमचे उत्तर असे, की सकाळी उठून प्रार्थना करावी आणि मग धावावे. जुन्या पिढीतील काही मंडळी खेळ आणि व्यायाम ह्यांस ऐहिक समजून नाके मुरडतात. त्यांनी प्रेषित पौलाची पत्रे पुन्हा वाचावी. करिंथ शहराजवळ मोठमोठे खेळ होत असत, आणि तेथील मंडळीस लिहिताना पौलाने शर्यतीत धावणाऱ्याचा व मुष्टियुद्ध करणाऱ्याचाच दाखला दिला आहे. शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे असे आपण म्हणतो; मग त्या मंदिराची झाडलोट करणे हे पाप कसे होईल? खेळालाच देव करू नये आणि उपासनेचा दिवस विसरू नये, एवढे मात्र सांभाळावे.

दुसरे कोणी म्हणतील, आम्ही दिवसभर शेतात राबतो, आम्हांस व्यायाम कशाला? त्यांचे म्हणणे बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढ मनुष्यास आठवड्यातून दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आवश्यक सांगितली आहे, आणि तीत चालणे, खेळणे व अंगमेहनतीचे काम ही सर्व येतात. नांगर धरणाऱ्यास ती आपोआप घडते. परंतु जो मुलगा पुस्तक घेऊन दिवसभर बसतो, जो निकालाची वाट पाहत खाटेवर पडून राहतो, त्याचे शरीर निजते आणि मन मात्र धावत सुटते. त्याने शरीरास धावावयास लावावे, म्हणजे मनास थोडा विसावा मिळेल. नियमित व्यायामाने चिंता हलकी होते व झोप सुधारते, हे आज वैद्यकशास्त्रही मान्य करिते.

तथापि एवढ्याने सर्वांचे काम भागेल, असे आम्ही म्हणत नाही. ज्याची चिंता आठवडेच्या आठवडे सरत नाही, ज्याचे जेवण व झोप सुटली आहे, किंवा ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, त्याला विश्वास वाढवा एवढेच सांगून घरी पाठविणे हा अन्याय आहे. त्याला डॉक्टरकडे घेऊन जावे. भारत सरकारने २०२२ साली टेलि-मानस नावाची सेवा सुरू केली आहे; १४४१६ ह्या क्रमांकावर फोन केला असता मनाच्या आजाराविषयी विनामूल्य सल्ला मिळतो व मराठीतही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक उपदेशकाने आपल्या बायबलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. ताप आला असता औषध घेणे जसे अविश्वासाचे नाही, तसेच हेही नाही.

आणि यश न आले तर काय समजावे? भरतीच्या यादीत नाव न लागलेल्या मुलास आम्ही आदराने सांगतो, की तुझ्या प्रार्थना फुकट गेल्या नाहीत आणि तुझे धावणेही फुकट गेले नाही. निकालाचा कागद तुझ्या विश्वासाचे माप नव्हे. पहाटेच्या अंधारात उठण्याची जी सवय तुझ्या अंगी लागली, थकल्यावर आणखी एक फेरी पुरी करण्याचे जे बळ तुला आले, ते कोणी परत घेऊ शकत नाही. पुढच्या कामात, मग ते शेत असो, दुकान असो वा दुसरी परीक्षा असो, तेच तुझ्या उपयोगी पडेल. मुंबईस व ॲडलेडला सामना हरत असतानाही हजारे ह्यांनी फळी टाकून दिली नाही. तूही टाकू नकोस.

मंडळीतील वडील माणसांनी अशा मुलांजवळ बसावे, त्यांना दूषणे देऊ नयेत, आणि विवेक हजारे ह्यांनी आपल्या भावास जशी सोबत दिली तशी त्यांना द्यावी. ज्याने अरण्यात रोजचा मान्ना रोज दिला, तो प्रभू आपल्या सर्वांस आजच्या दिवसापुरते बळ देवो, आणि उद्याचा दिवस त्याच्याच हाती ठेवण्यास शिकवो. आमेन.